सोडून दिलेले

मार्चमध्ये काठीच्या कड्यांत बर्फ धरतो.
मी सांगते, काठी पाण्यात बुडवा,
हवेपेक्षा नदी ऊबदार आहे.
कुणाचा विश्वास बसत नाही.
मग बुडवतात, आणि हसतात
शाळा सुटल्यासारखे.
स्टीलहेडचे दिवस ते. धरणाखालच्या खडीवर
मासा जागच्या जागी उभा,
मॅनिस्टी त्याच्या अंगावरून जात राहते.
बोट माझ्या बापाची. वल्ही मी बदलली,
नांगराची साखळी अजून त्याचीच.
तिचा खळखळाट मासे ओळखत असणार.

जूनअखेर काम रात्रीचं.
चिखलातून हेक्स माशी उठते,
कुणी वर बसून जुनी पत्रं फाडावीत
तशी देवदारांवर उतरते.
ब्राऊन ट्राउट तेव्हा दिसत नाही, ऐकायचा असतो:
शेजारच्या खोलीत कुणी
बशीतला शेवटचा घोट ओढावा, तेवढाच आवाज.
त्याच्या दोन हात वर फेका.
मला शिकवता येतं ते एवढंच,
उरलेलं डास शिकवतात.

आणि सप्टेंबर.
समुद्र वाटावा एवढ्या सरोवरातून
किंग सॅमन वर येतात, परत न जाण्याच्या बोलीवर,
अंगावर पांढरी बुरशी, शेपट्या झिजलेल्या.

ऑर्विल क्लिमेक तिन्ही हंगामांना यायचा.
फ्लिंटच्या कारखान्यात दातेरी चाकं कापून
एका कानानं गेलेला.
अकरा वर्षं. दर खेपेला हात हलवत परतायचा
आणि वळणावरून गाडी दिसेनाशी होईपर्यंत
खिडकीतून हातही हलवायचा.

या सप्टेंबरला त्याच्या जागी त्याची बायको आली.
त्याचेच गमबूट, आत दोन जोड मोजे.
"पैसे आगाऊ भरलेत त्यानं," डेल्फीन म्हणाली,
"वाया कशाला?"
काठी नको म्हणाली. पुढच्या फळीवर बसली,
थर्मास गुडघ्यांत धरून.

दुसऱ्या वळणापर्यंत गप्प.
मग पिशवीतून कॅलेंडरं काढली,
बँकेनं फुकट वाटलेली, रबर लावून बांधलेली.
"घरी कधी एक मासा आणला नाही.
म्हणायचा, सगळे सोडून दिले.
प्रत्येकाची लांबी मात्र सांगायचा.
मी लिहून ठेवायचे."
तारखेच्या चौकटीत बारीक पेन्सिल:
अठ्ठावीस इंच. एकतीस. साडेचोवीस.
साडेचोवीस!
त्यानं तो अर्धाही विचार करून घातला असणार.

मी मनात मोजले. अकरा वर्षांत तीन.
त्यातला एक पाठीत गळ अडकून आलेला,
तो आमच्याकडे धरत नाहीत.

"सोडले ना सगळे?"
"सगळे," मी म्हणाले.

बोटीखालून एक किंग गेला,
कुणी ओलं गाठोडं ओढत न्यावं तसा.
डेल्फीननं त्याच्याकडे पाहिलंही नाही.
"तो खोटं बोलताना डोळ्यांत बघायचा,"
ती म्हणाली. "तू वल्ह्याकडे बघतेस."

मला काही सुचेना. वल्हं पाण्याबाहेर धरून बसले,
त्याच्या टोकावरून थेंब पडत राहिले.

"मग दिवसभर करायचा तरी काय?"

"झाडात अडकवायचा," मी म्हणाले.
"ह्याच वळणावर. दर वर्षी, न चुकता.
मग मी बोट उलटी मारायची आणि तो
फांदीला शिव्या द्यायचा, पोलिशमध्ये."

तिनं मान वर केली.
मीही. आणि होता तिथे,
देवदाराच्या खालच्या फांदीवर,
रंग उडालेला नारिंगी गळ,
हातभर दोरा वाऱ्यावर.

मी नांगर टाकला. साखळी वाजली.
डेल्फीन बराच वेळ बघत राहिली,
मग मोज्यातून पेन्सिल काढली,
मोज्यातून! आणि आजची तारीख शोधली.
"किती इंच?"

"चौऱ्याऐंशी," मी म्हणाले,
ह्या वेळी तिच्याकडे बघून.
"फांदी धरून."

तिनं लिहून घेतलं.